पाळी जाण्याच्या वयात हार्मोनची रक्ततपासणी खरंच लागते का?



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला बसले होते. बचत जमा झाली, जुन्या कर्जाचे हप्ते झाले आणि नव्या कर्जाच्या मागण्या सुरू झाल्या. एकीने शेळीसाठी मागितलं, एकीने मुलाच्या फीसाठी. तिसऱ्या ताई बराच वेळ गप्प होत्या. शेवटी हळूच म्हणाल्या, "मला तीन हजार पाहिजेत. तपासणीला."

सचिवताईंनी विचारलं, "कसली तपासणी गं? बरं नाही का?"

"पाळीचं हाय. पाच महिने झाले, आली नाही. अंगातून वाफा निघतात, रात्री झोप नाही. तालुक्याला गेले होते. त्यांनी हार्मोनच्या तपासण्या लिहून दिल्यात. पाळी गेली का राहिली, ते रक्तात कळतं म्हणे."

ताईंचं वय ४८. तीन हजार म्हणजे त्यांची दहा-बारा दिवसांची रोजंदारी. शिवाय तालुक्याला दोन खेपा, म्हणजे दोन दिवसांचा खाडा. गटाने कर्ज द्यायला नाही म्हटलं नाही. नाही म्हणायचंही नसतं, आजारपणासाठीच तर आपण एकमेकींच्या पाठीशी उभ्या राहतो. पण बैठक संपल्यावर आम्ही चौघी-पाचजणी ओट्यावर बसलो आणि एक साधा प्रश्न निघाला. या तपासणीने ताईंना नेमकं काय कळणार आहे?

त्या दिवशी जे बोलणं झालं, ते सगळ्या गटांपर्यंत जावं म्हणून हा लेख. चाळिशीच्या पुढच्या ताईंनी तो वाचावाच, आणि लेकी-सुनांनीही वाचावा. घरात आईला किंवा सासूबाईंना काय होतंय ते त्यांना कळेल.

पाळी जाणं म्हणजे काय?

मुलगी जन्माला येते तेव्हाच तिच्या दोन अंडाशयांत बीजांचा साठा ठरलेला असतो. नंतर त्यात भर पडत नाही. वयात आल्यापासून हा साठा वापरला जातो. चाळिशीच्या पुढे तो संपत येतो. अंडाशयातून तयार होणारं इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन कमी-जास्त होऊ लागतं. पाळी आधी मागे-पुढे होते, मग दोन-दोन, चार-चार महिने येत नाही आणि एक दिवस कायमची थांबते. याला रजोनिवृत्ती म्हणतात. आपण साध्या भाषेत म्हणतो, पाळी गेली.

शेवटच्या पाळीनंतर सलग बारा महिने पाळी आली नाही, की पाळी गेली असं धरतात. अकरा महिने आली नाही आणि बाराव्या महिन्यात आली, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे पाळी गेली हे नेहमी मागे वळून बघूनच कळतं.

आपल्या देशात पाळी जाण्याचं सरासरी वय ४६-४७ च्या आसपास आहे. युरोप-अमेरिकेत ते ५१ च्या जवळपास आहे. सरासरी म्हणजे सगळ्यांचं तेच असं नाही. कोणाची ४५ ला जाते, कोणाची ५२ ला. दोन्ही ठीक आहे.

पाळी जाण्याआधीचा जो काळ असतो, तो कोणाचा वर्षभराचा, कोणाचा पाच-सात वर्षांचा. याच काळात अंगातून वाफा निघणं, घाम फुटणं, छातीत धडधड, झोप मोडणं, चिडचिड, रडू येणं, सांधे दुखणं, विसरायला होणं, खालची जागा कोरडी पडणं, लघवीला जळजळ, असले त्रास होतात. सगळ्यांना सगळं होत नाही. काहींना काहीच होत नाही. पण ज्यांना होतं, त्यांचा त्रास खरा असतो.

ही हार्मोनची तपासणी काय मोजते?

चिठ्ठीवर बहुतेक वेळा "एफएसएच" असं लिहिलेलं असतं. सोबत कधी एलएच, इस्ट्रॅडिऑल, एएमएच, प्रोलॅक्टिन अशी नावं असतात. काही लॅब या सगळ्यांचं मिळून पॅकेज करतात. त्यातली मुख्य तपासणी एफएसएच.

एफएसएच हे मेंदूच्या तळाशी असलेल्या एका छोट्या ग्रंथीतून निघतं. त्याचं काम अंडाशयाला हाक मारायचं. "चल, या महिन्याचं बीज तयार कर."

आपल्या गटाचंच उदाहरण घ्या. एखादी सभासद वेळच्या वेळी बचत आणून देते. सचिवताईंना तिला एकदाच हाक मारावी लागते, तीही हळू. तीच सभासद हप्ते चुकवायला लागली, की हाका वाढतात, आवाज चढतो. एफएसएच म्हणजे ही हाक. अंडाशय नीट काम करत असेल तर हाक हळू असते, म्हणजे एफएसएच कमी. अंडाशय थकलं की हाक मोठी होते, म्हणजे एफएसएच जास्त.

इथपर्यंत ऐकलं तर वाटतं, मग बरोबरच आहे की. एफएसएच वाढलं म्हणजे पाळी गेली. गडबड पुढे आहे.

तपासणी का फसवते?

पाळी जाण्याच्या काळात अंडाशय एकदम बंद पडत नाही. एका महिन्यात ते काम करतं, दुसऱ्या महिन्यात करत नाही, तिसऱ्या महिन्यात पुन्हा करतं. त्या सभासदासारखंच. दोन महिने हप्ता चुकवला आणि तिसऱ्या महिन्यात आणून दिला. तेव्हा हाकेचा आवाजही वर-खाली होत राहतो. आज रक्त दिलं तर एक आकडा येतो, पंधरा दिवसांनी दिलं तर दुसराच. लॅबने चूक केलेली नसते. शरीरच त्या काळात तसं चालतं.

यातून दोन प्रकारचं नुकसान होतं.

पहिलं: रिपोर्ट नॉर्मल येतो. ताईला वाफा निघतात, रात्र-रात्र झोप नाही, आणि कागद म्हणतो सगळं ठीक. मग घरातले म्हणतात, "रिपोर्टमध्ये तर काही नाही, तुझ्या मनाचे खेळ आहेत." ताईलाही वाटायला लागतं, आपलंच काहीतरी चुकतंय. खरं तर तिचा त्रास पाळी जाण्याच्या काळातलाच असतो. फक्त रक्त दिलं त्या दिवशी आकडा खाली होता. तीन हजार गेले आणि पदरात पडलं काय, तर "नाटकं करते" हा शिक्का.

दुसरं: रिपोर्ट जास्त येतो. ताईला सांगितलं जातं, पाळी गेली. ती निर्धास्त होते. दोन महिन्यांनी पाळी परत येते. जिचं कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालेलं नाही, तिला या काळात दिवसही राहू शकतात. किंवा पुढे खरोखर काही बिघाड होऊन अंगावर जायला लागतं आणि ती म्हणते, "वयामुळे असेल, रिपोर्टमध्ये लिहिलंच होतं."

म्हणून ४५ च्या पुढच्या बाईची पाळी जातेय की नाही, हे ठरवायला एफएसएच करू नये असं जाणकार सांगतात. ब्रिटनमध्ये 'नाइस' नावाची सरकारी संस्था डॉक्टरांसाठी नियमावली काढते. तिने २०१५ सालीच हे स्पष्ट लिहिलं. इस्ट्रॅडिऑल आणि एएमएच या तपासण्या आणि अंडाशयाचा आकार बघण्यासाठी केलेली सोनोग्राफीसुद्धा याच कामासाठी वापरू नये असंही त्यात आहे. तिथे तपासणी बाईला फुकट मिळते, तरीही नको म्हणतात. कारण तिच्यातून कामाचं उत्तरच मिळत नाही. आपण तर खिशातून, नाहीतर गटाच्या कर्जातून पैसे देतो.

मग डॉक्टर ओळखतात कशावरून?

तीन गोष्टींवरून. वय, पाळीचा हिशेब आणि त्रास.

वय ४५ च्या पुढे आहे, पाळी मागे-पुढे होतेय आणि वाफा-घाम आहेत, तर पाळी जाण्याचा काळ सुरू झाला असं धरतात. वय ४५ च्या पुढे आहे, बारा महिने पाळी नाही आणि हार्मोनच्या गोळ्या, इंजेक्शन वगैरे काही चालू नाही, तर पाळी गेली. पिशवी काढलेली आहे पण अंडाशय ठेवलेलं आहे, तर ४५ च्या पुढे त्रासावरून ओळखतात. ऑपरेशनमध्ये दोन्ही अंडाशयं काढली असतील, तर त्याच दिवसापासून पाळी गेली. तिथेही विचारायचं काही राहत नाही.

यासाठी लागतं काय? पाळीच्या तारखा. आणि त्या आपल्याच जवळ असतात, लॅबकडे नसतात. म्हणून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पाळी आली त्या दिवशी टिंब करा. गेली त्या दिवशी दुसरं टिंब. वाफा आल्या तर "वा", झोप मोडली तर "झो". लिहिता येत नसेल तर नातीला सांगा. दवाखान्यात जाताना ते कॅलेंडर बरोबर न्या. डॉक्टरांना सहा महिन्यांच्या तारखा दिसल्या, की निम्मं काम झालं.

हार्मोनची तपासणी कोणाला लागते?

आता नीट वाचा, कारण हा लेख म्हणजे "हार्मोनची तपासणी कधीच करू नका" असा नाही. काही ताईंना ती लागतेच.

• वय ४० पेक्षा कमी आहे आणि पाळी थांबली किंवा फार लांबायला लागली. इतक्या लवकर पाळी जाणं नेहमीचं नाही. कारण शोधावं लागतं. हाडांची आणि हृदयाची काळजी लवकर सुरू करावी लागते, औषधही लागू शकतं. अशा वेळी एफएसएच करतात. एका आकड्यावर न विसंबता चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा करतात. कोणी ३५ वर्षांची ताई "आमच्यात लवकरच जाते" म्हणून घरी बसली असेल, तर तिला दवाखान्यात पाठवा.

• वय ४० ते ४५ च्या मधे आहे, पाळीत बदल आहे आणि त्रास आहे. इथे डॉक्टर विचार करून तपासणी सांगू शकतात.

• डॉक्टरांना दुसऱ्याच एखाद्या आजाराची शंका आहे. म्हणजे छातीतून दुधासारखं पाणी येतंय, सतत डोकं दुखतंय, दिसायला कमी झालंय असं काही. तेव्हा तपासण्यांचं कारण वेगळं असतं.

आणि एक लक्षात ठेवा. गर्भनिरोधक गोळ्या किंवा हार्मोनचं इंजेक्शन चालू असेल, तर एफएसएचचा आकडा भरवशाचा नसतो. तपासणी करायची वेळ आलीच, तर आपण काय घेतोय ते आधी सांगा.

मग कोणत्या तपासण्या करून घ्यायच्या?

वाचलेल्या पैशातून आणि वाचलेल्या दिवसातून या गोष्टी करा. बहुतेक सरकारी दवाखान्यात होतात. आपल्या राज्यात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

१. लघवीवरची गर्भाची तपासणी. पाळी चुकली, ऑपरेशन झालेलं नाही, तर वय ४७ असलं तरी आधी ही करा. आशाताईंकडे किट असतं, पाच मिनिटांत कळतं. लाजू नका. "या वयात काय" म्हणून पुष्कळ जणी फसल्यात.

२. हिमोग्लोबिन. पाळी जाण्याआधी बऱ्याच जणींना जास्त अंगावर जातं. त्यातून रक्त कमी होतं. दम लागणं, धडधड, हातपाय मोडून येणं हे सगळं "वय झालं" म्हणून सोडून देतो, आणि असतो तो पंडुरोग. तो औषधाने बरा होतो.

३. रक्तदाब आणि साखर. पाळी गेल्यावर हृदयाच्या आजाराचा धोका वाढतो. वय ३० च्या पुढच्या सगळ्यांसाठी उपकेंद्रात, म्हणजे आयुष्मान आरोग्य मंदिरात, रक्तदाब, साखर, तोंड, स्तन आणि गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची प्राथमिक तपासणी करण्याचा कार्यक्रम आहे. तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांना किंवा नर्सताईंना विचारा, कोणत्या दिवशी होते ते.

४. थायरॉइड. हेही एक हार्मोनच आहे, म्हणून घोटाळा होतो. घाम, धडधड, वजन वाढणं-घटणं, पाळी बिघडणं, हे थायरॉइडमुळेही होतं. त्यामुळे डॉक्टरांनी लक्षणं बघून टीएसएच सांगितली, तर ती करा. तिला उपयोग आहे. टीएसएच आणि एफएसएच ही नावं सारखी वाटतात, चिठ्ठी वाचून घ्या.

हे दिसलं तर थांबू नका

काही गोष्टींत उलटं होतं. तिथे तपासणी लागते आणि आपण टाळतो. या यादीतलं काहीही असेल, तर पुढच्या बैठकीची वाट न बघता दवाखाना गाठा.

• पाळी जाऊन वर्ष झालं आणि पुन्हा अंगावर गेलं. थोडा डाग असला तरी, एकदाच असला तरी. बहुतेक वेळा कारण साधं निघतं. पण काही जणींमध्ये हे पिशवीच्या कॅन्सरचं पहिलं लक्षण असतं, आणि लवकर सापडला तर उपचार चांगला होतो. "पाळी परत आली, तरुण झाले" असं हसण्यावारी नेऊ नका.

• पाळीत गाठी पडतात, तास-दोन तासांत पॅड किंवा कापड भरतं, आठ-दहा दिवस थांबत नाही.

• दोन पाळ्यांच्या मधेच किंवा संबंधानंतर रक्त जातं.

• वास येणारं, रक्ताळलेलं पाणी जातं.

• स्तनात गाठ लागते, किंवा पोट फुगत चाललंय आणि वजन मात्र उतरतंय.

यांचं उत्तर एफएसएचमध्ये मिळत नाही. इथे आतून तपासणी, सोनोग्राफी, गरज पडली तर पिशवीच्या आतल्या अस्तराचा तुकडा तपासणं, हे लागतं.

पिशवी काढण्याची घाई

हा मुद्दा सोडून पुढे जाता येत नाही. हार्मोनची तपासणी, मग सोनोग्राफी, मग "पिशवी खराब झालीय, नाहीतरी आता काय उपयोग", मग ऑपरेशन, या वाटेने आपल्या पुष्कळ बायका गेल्यात. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची सरकारी पाहणी झाली. सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यात कमी वयाच्याही होत्या. पुढे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गरज नसलेली अशी ऑपरेशनं रोखण्यासाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं सगळ्या राज्यांनी लागू करावीत असं सांगितलं.

पाळी जाण्याच्या काळात पाळी अनियमित होणं हा पिशवीचा आजार नाही. वाफा येतात म्हणून पिशवी काढायची नसते. पिशवी काढून वाफा थांबतही नाहीत. आणि सोबत अंडाशयं काढली तर त्या एकदम जोरात सुरू होतात, हाडंही लवकर ठिसूळ होतात. जास्त अंगावर जात असेल तर आधी औषधं, गोळ्या, तांबीसारखं आत बसवायचं औषधी साधन असे उपाय असतात. कोणी ऑपरेशन सांगितलं तर कागद घेऊन घरी या आणि जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. जीवघेणा रक्तस्राव नसेल तर आठ दिवसांनी काही बिघडत नाही.

त्रासाचं काय करायचं?

"तपासणी नको" म्हणजे "सोसत बसा" असं नाही. उपचार सुरू करायला एफएसएचचा आकडा लागत नाही. त्रास किती आहे आणि आधीचे आजार कोणते, हे बघून डॉक्टर ठरवतात.

घरी करता येईल ते: सुती, सैल कपडे. रात्री उशाला पाण्याचा तांब्या. चहा कमी. जास्त तिखटाने वाफा वाढतात का ते बघून ठेवा. नाचणी, तीळ, दूध-ताक, हिरव्या भाज्या, डाळी ताटात असू द्या. सगळ्यांना वाढून उरलंसुरलं खायची सवय आता तरी सोडा. कोवळ्या उन्हात चालणं. शेतात राबतो म्हणून व्यायाम नको असं नाही, पाठ-मांड्यांना ताण देणारे थोडे व्यायाम हाडांना लागतात. मशेरी आणि तंबाखू सोडायचा प्रयत्न करा.

त्रास जास्त असेल तर औषध आहे. काहींना हार्मोनची औषधं चालतात आणि चांगली लागू पडतात. स्तनाचा कॅन्सर, रक्ताच्या गुठळ्या, लकवा, यकृताचा आजार अशा गोष्टी झालेल्या असतील तर डॉक्टर वेगळा विचार करतात. त्यामुळे मेडिकलमधून स्वतःहून घेऊ नका, दुसरीची गोळीही घेऊ नका. खालच्या जागेच्या कोरडेपणासाठी लावायचं मलम मिळतं. संबंधाच्या वेळी दुखतं हे सांगायला आपण लाजतो. नर्सताईंना सांगा, त्यांना ते नवीन नसतं.

मन फार खचलं असेल, जगणं नको वाटत असेल, तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. फोन फुकट लागतो, रात्रीसुद्धा.

आणि ज्यांचं ऑपरेशन झालेलं नाही त्यांनी: वय ५० च्या आत असताना पाळी गेली तर पुढची दोन वर्षं, ५० नंतर गेली तर एक वर्ष, गर्भ राहू नये याची काळजी चालू ठेवायची. तांबी बसवलेली असेल तर पाळी गेल्यावर ती विसरून जाऊ नका, दवाखान्यात जाऊन काढून घ्या.

डॉक्टरांना काय विचाराल?

आपण डॉक्टरांशी भांडायला जायचं नाही. कधी त्यांच्या मनात वेगळं कारण असतं, ते आपल्याला माहीत नसतं. म्हणून चिठ्ठी हातात आली की नम्रपणे विचारायचं:

"डॉक्टर, ही तपासणी कशासाठी आहे?"

"माझं वय ४८ आहे, पाळीच्या तारखा या. तरी ही लागेल का?"

"रिपोर्ट कमी आला किंवा जास्त आला, तर माझ्या औषधात काय फरक पडेल?"

"यातली कोणती आज लागेल आणि कोणती थांबली तरी चालेल?"

तिसरा प्रश्न पाठ करून ठेवा. रिपोर्ट काहीही आला तरी औषध तेच राहणार असेल, तर ती तपासणी कशाला, हे डॉक्टरही समजून घेतात. आणि त्यांनी कारण सांगितलं, ते पटलं, तर तपासणी जरूर करा. विचारण्यात उद्धटपणा नाही. गटाचं पासबुक आपण जसं तपासून घेतो, तसंच हे.

गावात कॅम्प लागला, "महिलांसाठी संपूर्ण हार्मोन तपासणी, सवलतीत" असा बोर्ड दिसला, तर लगेच रांगेत उभं राहायचं नाही. आधी आशाताईंना किंवा उपकेंद्रात विचारायचं.

गटाने काय करावं?

१८ ऑक्टोबर हा जागतिक रजोनिवृत्ती दिन असतो. त्याच्या आसपासच्या बैठकीत अर्धा तास या विषयाला द्या. तोपर्यंत थांबायचंही कारण नाही, येत्या बैठकीतही चालेल. हा लेख एकीने मोठ्याने वाचावा. ४० च्या पुढच्या सभासदांनी कॅलेंडरवर टिंबं सुरू केलीत का ते विचारावं. उपकेंद्रातल्या आरोग्य अधिकाऱ्यांना एकदा बैठकीला बोलवा, रक्तदाब-साखर-हिमोग्लोबिन एकाच दिवशी सगळ्यांचं होऊन जाईल. आणि कोणी तपासणीसाठी कर्ज मागितलं, तर कर्ज अडवू नका. सोबत एक जण पाठवा. दोघी असल्या की प्रश्न विचारायला धीर येतो.

आता त्या ताईंचं सांगते. त्यांनी ती चिठ्ठी घेऊन आधी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठलं. सचिवताई बरोबर गेल्या. तिथल्या डॉक्टरबाईंनी वय विचारलं, तारखा विचारल्या, पोट तपासलं, रक्तदाब बघितला. म्हणाल्या, "पाळी जाण्याचा काळ आहे. हार्मोनची तपासणी नको. पण हिमोग्लोबिन करू या." ते निघालं साडेआठ. पाळी लांबण्याआधी वर्षभर ताईंच्या अंगावर खूप जात होतं, ते त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. सोनोग्राफीसाठी ग्रामीण रुग्णालयाची चिठ्ठी मिळाली, तिथे काळजीचं काही निघालं नाही. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या.

वाफा अजून येतात. पण परवा भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "आता घरात कोणी नाटक म्हणत नाही. डॉक्टरबाईंनी सांगितलंय, हे असंच असतं म्हणून." कर्ज त्यांनी पुढच्या बैठकीत घेतलं. शेळीसाठी.